पासिंगची तयारी: जुन्या गाडीला रंग सगळ्यात शेवटी

पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, जवळ आलं की आमच्या वाईत पहिला फोन पेंटरला जातो, दुसरा सीट कव्हरवाल्याला. मेस्त्रीची आठवण शेवटच्या आठवड्यात होते आणि तोवर खिसा रिकामा झालेला असतो. माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. जुन्या गाडीवर पैसे खालून वर खर्च करत जायचे. आधी चेसिस आणि पत्रा, मग ब्रेक, मग स्टेअरिंग नि पाटे (लीफ स्प्रिंग), मग टायर, दिवे, धूर. रंगाचा डबा उरलेल्या पैशात.

माझी बोलेरो 2012 ची, पिवळ्या पाटीची, एमएच 11. पाचगणी-महाबळेश्वर नेहमीचं, अधूनमधून आंबेनळी उतरून प्रतापगड-पोलादपूर. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांनी असतो, आठ झाली की दरवर्षी. म्हणजे नेमकी गाडी थकायला लागते तेव्हाच परीक्षा वाढतात, आणि ते बरंच आहे. पांढऱ्या पाटीवाल्यांना पंधरा वर्षं कुणी विचारत नाही, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवावी लागते. त्यांनीही खालचं वाचायला हरकत नाही. गंज पाटीचा रंग बघून लागत नाही.

फिटनेस संपलेली गाडी चालवणं म्हणजे नुसती दंडाची भीती नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 56 प्रमाणे फिटनेस नसलेली व्यावसायिक गाडी वैध नोंदणी असलेली मानतच नाहीत. अपघात झाला की विमा कंपनी पहिला तोच कागद मागते. शिवाय मुदत उलटल्यावर दिवसाला 50 रुपये जादा शुल्क नियमात आहेच. तेव्हा ‘सीझन होऊ दे, मग बघू’ म्हणणारे बहुधा दोन्हीकडून मार खातात.

माझी तारीख नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते, आणि मला ती आवडते. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या पावसाने गाडीला काय केलं ते सप्टेंबरअखेर उघडं पडतं आणि हातात महिनाभर असतो. तुमची तारीख कधीही असो, दीड-दोन महिने आधी गाडीखाली शिरा. पार्ट मिळायला वेळ लागतो, वेल्डर शब्द पाळत नाही, आणि दिवाळीआधी गॅरेजमध्ये नंबर लागत नाही.

आधी गाडीखाली

गाडी धुऊन घ्या, खालून प्रेशरने. मग दोन दिवस उन्हात वाळू द्या. ओल्या चिखलाखालचा गंज दिसत नाही आणि ओल्या पत्र्यावर मारलेलं कोटिंग गंज आतच कोंडून ठेवतं. कोटिंगवाले ‘लगेच मारून देतो’ म्हणतात तेव्हा गाडी तशीच परत आणा.

खाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. सपाट जागा, चाकांना दगड आणि चेसिसखाली स्टँड. स्टँड नसेल तर निदान स्टेपनी काढून चेसिसखाली सरकवा. जॅक सटकला तर गाडी टायरवर बसेल, तुमच्यावर नाही.

हातात जुना स्क्रू ड्रायव्हर आणि लहान हातोडी घ्या. चेसिसवर हातोडी हलकेच ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज टणक येतो, सडलेल्याचा भद्द, आणि पापुद्रे गळून पडतात. जिथे पाट्यांचे ब्रॅकेट जोडलेत, जिथे बॉडीचे रबर बसतात, आणि मागच्या चाकाच्या आसपास जिथे चिखल उडतो, त्या जागा सोडू नका. मग आतून मॅट उचला. ड्रायव्हरच्या पायाखाली आणि मागच्या सीटच्या कोपऱ्यात पत्रा आधी जातो, कारण प्रवासी ओल्या चपला तिथेच ठेवतात. स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. आरपार गेला तर आनंद माना, आरटीओच्या चाचणी ट्रॅकवर जाण्याआधी गेला.

भोक पडलं की लांबी (पुट्टी) भरून किंवा फायबर चिकटवून काम भागवणारे पुष्कळ आहेत. ते दारावर चालेल, तळाला नाही. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करून घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं डिझेल) इंजिन असेल तर कंट्रोल युनिटचा प्लगही सोडवायला सांगा. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायचा. मॅट, सीट, इन्सुलेशन बाजूला, पाण्याची बादली हाताशी, आणि डिझेलची नळी किंवा टाकी जवळ असेल तर ती आधी हलवायची. वेल्डर ‘काही होत नाही’ म्हणतो. गाडी त्याची नसते.

चेसिसला जळकं ऑइल मारायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ट्रकवाल्यांनी शिकवली, सगळ्यांनी उचलली. लोखंडाला ते थोडंफार राखतं, पण बुश, ब्रेकची रबरी नळी, बॉडीचे रबर यांना खातं. वर धूळ चिकटून असा थर बनतो की निरीक्षकालाच काय, मेस्त्रीलाही खालचं काही दिसत नाही. वायर ब्रश, प्रायमर आणि काळा चेसिस पेंट, बस्स. कोटिंग हवं तर त्यावर, कोरड्या दिवसात.

आता चेसिस नंबर. दरवर्षी कुणाची ना कुणाची तरी गाडी यावर अडकते. नंबर जिथे ठोकलाय ती जागा रॉकेल आणि मऊ वायर ब्रशने साफ करा. ग्राइंडर अजिबात लावू नका. अंक झिजले तर गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. साफ झाला की त्यावर कागद धरून पेन्सिल घासा. ठसा नीट उमटला तर तो कागद फाइलमध्ये ठेवा, आणि नंबरवर ग्रीसचं बोट फिरवा. पुढच्या वर्षी पुसलं की नंबर लख्ख.

ब्रेक: साहेबासाठी नाही, पसरणीसाठी

पसरणी घाट उतरताना मागे सात माणसं आणि टपावर बॅगा असतात. ट्रॅकवर गाडी रिकामी असते. म्हणून मी ब्रेक पासिंगपुरते कधीच करत नाही. घाटाला पुरले की ट्रॅकला पुरतातच.

तीन चाचण्या घरी होतात. पहिली: इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने दाबा आणि मिनिटभर धरून ठेवा. हळूहळू खाली जात राहिलं तर मास्टर सिलिंडर आतून सोडतोय किंवा कुठे तरी गळती आहे. दुसरी: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. बसलं नाही तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी बघा. तिसरी: मोकळ्या मैदानात तीसच्या वेगाने जाऊन, स्टेअरिंग हलकं धरून ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढली तर दुसऱ्या बाजूचा ब्रेक कमी लागतोय. पुढे डिस्कच्या कॅलिपरच्या पिना अडकलेल्या असतात, मागे ड्रममध्ये व्हील सिलिंडर गळून लायनरला तेल लागलेलं असतं. तेल प्यायलेला लायनर पॉलिश पेपरने घासून परत बसवू नका. सिलिंडर दुरुस्त करा आणि लायनर दोन्ही चाकांचे बदला. एका चाकाला नवे, दुसऱ्याला जुने ठेवले की ओढणं कायमच राहतं.

जिथे स्वयंचलित चाचणी केंद्र आलंय तिथे चाकं रोलरवर चढवून डाव्या-उजव्या ब्रेकमधला फरक मशीन मोजतं. तिथे ‘साहेब, जरा ओढतोय फक्त’ चालत नाही. जिथे अजून ट्रॅक आहे तिथे निरीक्षक गाडी पळवून ब्रेक मारायला लावतो. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने आरटीओंना 250 मीटरचे ट्रॅक करायला लावले. पुण्याच्या गाड्या पासिंगला दिवे घाटाच्या वर जातात त्या यामुळे. त्याआधी ब्रेक टेस्ट कुठे आणि कशी व्हायची ते जुन्या ड्रायव्हरांना विचारा, चहा पाजून.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी मिसळलेलं ऑइल लांब उतारावर तापून उकळतं, बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. ट्रॅकवर हे कधीच कळणार नाही. घाटात चालणाऱ्या गाडीचं मी दरवर्षी पासिंगच्या कामातच बदलतो, इतरांनी दोन वर्षांनी बदललं तरी चालेल. मास्टर सिलिंडरच्या डब्यावर लिहिलेल्या ग्रेडचंच घाला आणि सीलबंद डबा फोडून घाला. गॅरेजच्या फळीवर उघडा पडलेला डबा नको. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची.

हॅन्डब्रेकला आपण पावसाळाभर हात लावत नाही, दगड लावतो. मग केबल आतून गंजून अडकते. ओढला तर सुटत नाही, सोडला तर लागत नाही. चढावर गाडी न्यूट्रल करून फक्त हॅन्डब्रेकवर थांबवून बघा, माणूस जवळ उभा करून. केबलला तेल सोडून मोकळी होते का पाहा, नाहीतर नवी टाका. ती महाग नाही.

स्टेअरिंग, पाटे, टायर

पुढचं चाक उचला. वर-खाली दोन हातांनी धरून हलवा. खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून परत हलवा. खडखड थांबली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. मग डावी-उजवीकडून धरून हलवा, इथे टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा चाकाकडचा जोड) बोलतो. गाडी जमिनीवर असताना भाच्याला स्टेअरिंग थोडं इकडे-तिकडे करायला लावून मी जॉइंटवर हात ठेवतो. डोळ्यांना न दिसणारा ढिलेपणा बोटांना कळतो. रबराचा बूट फाटलेला असेल तर जॉइंट आज घट्ट असला तरी बदला, आत वाळू गेलेली आहे. टाय रॉड एंड बदलला की अलाइनमेंट करायची, नाहीतर नवे टायर चार महिन्यांत एका बाजूने खाल्लेले दिसतील.

मागच्या पाट्यांमध्ये तुटलेलं पान शोधा. तुटलेली जागा ताजी असेल तर चकाकते, जुनी असेल तर तिथे गंजाची लाल रेघ दिसते. शॅकलचे (पाटा चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश पिळून बाहेर आलेत का बघा, आणि यू-बोल्ट आवळून घ्या. पाट्यांचं काम झालं असेल तर चार-पाचशे किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. म्हणूनच म्हटलं, दीड-दोन महिने आधी.

टायरची नक्षी चारचाकीला कमीत कमी 1.6 मिलिमीटर हवी. मोजमापाची पट्टी नको, खाचेत आडवे उंचवटे असतात, त्यांच्याशी टायर बरोबरीला आला की संपला. स्टेपनीलाही तोच नियम समजा, ती उतरवून बघायला सांगतात. बाजूवर चार आकडे छापलेले असतात. 3419 म्हणजे 2019 सालचा 34 वा आठवडा. नक्षी भरपूर आणि टायर जुना असं आमच्या भागात फार दिसतं, कारण गाडी फक्त सीझनला धावते. बाजूला बारीक भेगा पडलेला टायर नक्षी बघून ठेवू नका.

दिवे आणि बाहेरचं

इथे पैसे कमी आणि नापास जास्त. संध्याकाळी भिंतीसमोर गाडी लावा आणि एक-एक बघा: अप्पर, डिपर, पार्किंग, चारही इंडिकेटर, ब्रेक लाइट, रिव्हर्स, नंबर प्लेटचा दिवा. नंबर प्लेटचा दिवा गेलेला असतोच. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो अशी भुताटकी दिसली तर बल्ब बदलत बसू नका, अर्थिंगची वायर गंजली आहे. नट सोडवून पॉलिश पेपर मारा.

हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर घासून पॉलिश होते. आतला चांदीचा मुलामा उडाला असेल तर पूर्ण दिवाच बदलावा लागतो. फोकस बघायला सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करा. डिपरचा झोत दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली पडायला हवा. घाटात दिसत नाही म्हणून 100 वॉटचे किंवा पांढरेफेक बल्ब टाकले असतील तर काढा, मूळचे 60/55 चे घाला. समोरच्याचे डोळे दिपवून आपल्याला रस्ता दिसत नसतो.

काचेची काळी फिल्म, म्युझिकल हॉर्न, पुढचं लोखंडी बंपर गार्ड, सगळं घरी काढून ठेवा. कायमचंच काढलेलं बरं. हॉर्न साधा आणि वाजणारा. वायपरची रबरं पावसाळ्यात खलास झालेली असतात, तीही टाका. रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. मान्यताप्राप्त टेपवर छाप असतो, रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त टेपवर नसतो. सीट बेल्ट सगळे, मागचेही. कव्हरवाल्याने सीटखाली दाबून टाकलेले असतात, ओढून बाहेर काढा. फर्स्ट एड बॉक्समधली औषधं मुदतीतली आणि अग्निशामकाचा काटा हिरव्यात. स्पीड गव्हर्नर बसवलेला असेल तर सील तुटलेलं नको आणि प्रमाणपत्र चालू हवं. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी, ती नसेल तर आधी तेच.

धूर

तुमची गाडी बीएस-3 की बीएस-4 (धुराचे सरकारी निकष) हे आरसीवर बघा. पुणे-मुंबईत 2010 पासून बीएस-4 आलं, पण देशभर 2017 ला. त्यामुळे त्या काळातली तीच बोलेरो पुण्याची बीएस-4 आणि आमच्याकडची बीएस-3 असू शकते. डिझेलच्या धुराची मर्यादा बीएस-3 ला 65 हार्ट्रिज (धुराच्या गडदपणाचं माप), बीएस-4 ला 50. पीयूसीची (धूर तपासणीच्या प्रमाणपत्राची) मुदतही वेगळी, बीएस-3 ला सहा महिने, बीएस-4 ला वर्ष.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी स्वस्तातलं करा: एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोच्या नळ्यांचे क्लिप. त्यानंतरही काळा येत असेल तर इंजेक्टर काढून तपासायला द्या. निळा धूर ऑइल जळतंय म्हणून असतो, त्यावर बाटलीतलं कुठलंही औषध चालत नाही. चाचणीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात, म्हणून ऑइल आणि कुलंट आधी बघा. आणि गाडी थंड नेऊ नका. वीस मिनिटं जरा खालच्या गिअरमध्ये चालवली की एक्झॉस्टमधली साठलेली काजळी रस्त्यातच पडते. वाईहून साताऱ्याला जाताना हे आपोआप होतं.

कागद आणि तो दिवस

परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज, शुल्क आणि तारीख, सगळं मोबाइलवरून होतं. त्याआधी कर, परमिट, विमा, पीयूसी चालू आहेत का बघा. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण करही आहे, तो राहून गेला तर अर्ज अडतो. एजंटकडून करून घ्यायचं तर घ्या, वेळ वाचतो. पण कागदावर तुमचाच मोबाइल नंबर टाकायला लावा आणि शुल्काची पावती मागा. ‘गाडी न दाखवता करून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र नमस्कार करा. ब्रेक फेल झाला तर तो एजंट घाटात तुमच्या शेजारी बसलेला नसतो.

रंगाचं आता. पैसे उरलेत? मग गंज काढलेल्या जागा, बंपर, चाकांच्या रिमा, आणि बाजूला ‘टुरिस्ट’ लिहिलेलं पुसट झालं असेल ते पेंटरकडून ताजं करून घ्या. पूर्ण गाडी मारायची गरज नसते. रंगच वेगळा करायचा असेल तर आरसीत नोंद लागते, तो उद्योग पासिंगच्या महिन्यात काढू नका.

त्या दिवशी सकाळी लवकर निघा. टायरची हवा बघा, गाडी पुसून, आतली बॉटल-बिस्किटं काढून न्या. गाडी तुम्ही स्वतः घेऊन जा. निरीक्षकाने काही विचारलं तर मालकाला उत्तर येतं, बदली ड्रायव्हरला येत नाही. नापास झालात तर हुज्जत घालू नका. नेमकं काय लिहिलंय त्याचा फोटो काढा, तेवढंच करा, आणि नवा पार्ट बसवल्याचं बिल घेऊन फेरचाचणीला जा.

पास झालात की फाटकाबाहेर पडण्याआधी प्रमाणपत्र वाचा. गाडी नंबर, चेसिस नंबर, आसनसंख्या, मुदतीची तारीख. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, घरी गेल्यावर तिचा अर्ज होतो. आणि बीएस-3 वाल्यांनो, ऑक्टोबरात काढलेली पीयूसी एप्रिलात, सीझन ऐन भरात असताना संपते. नवी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच काढून घ्या, नंतर सेंटरला रांग असते.